आपल्या गल्लीतली शेगडी : परिसर अभ्यासाचा एक उपक्रम



इयत्ता चौथी. विषय – परिसर अभ्यास, जोडीला थोडं गणित आणि भाषा. कालावधी मी ठरवला होता एक तासिका, प्रत्यक्षात लागले तीन आठवडे.

या उपक्रमाची सुरुवात वर्गात नाही, माझ्या घरात झाली. दिवाळीनंतर माझा धाकटा भाऊ जामखेडहून आला होता. रात्री म्हणाला, "ताई, मुंबईतल्या कबाब-तंदुरीचं एवढं ऐकतो. तुझ्या मानखुर्दात चांगलं कुठं मिळतं?" मी नऊ वर्षं इथं शिकवते, इथंच राहते, आणि मला एक नाव सांगता येईना. मोबाइल उघडला. चेंबूरचं एक निघालं, वाशीची दोन निघाली, खाली चार-साडेचार तारे. मानखुर्दचं धड काहीच नाही. गंमत म्हणजे त्याच वेळी खिडकीतून भाजल्याचा वास येत होता! पण वासाला तारे नसतात ना. आम्ही लोकल पकडली, खाडी ओलांडून वाशीला गेलो, आणि बिल बघून भाऊ म्हणाला, "एवढ्यात गावाकडं अख्खा कोंबडा झाला असता, वर भाकरी."

दुसऱ्या दिवशी 'आपला आहार' शिकवताना मी ही गोष्ट सहज वर्गात सांगितली. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी पटकन म्हणाली, "बाई, वाशीला कशाला गेलात? आमच्या बिल्डिंगच्या खालीच आहे ना!" मग हात वर व्हायला लागले. "नाही बाई, नाक्यावरच्या दादाकडं चांगलं." "त्याच्याकडं कालचं असतं, माझे पप्पा म्हणतात." "पुलाखालचा भारी, पण तो आठनंतर येतो." पाच मिनिटांत फळ्यावर अकरा ठिकाणं झाली. एकाही ठिकाणाला पाटीवरचं नाव नव्हतं. दादाचं, चाचाचं, पुलाखालचं, पाण्याच्या टाकीजवळचं, अशीच नावं. त्यामुळेच ती मोबाइलमध्ये नव्हती.

तेव्हा ठरवलं की हाच धडा करायचा. मोठ्या शहरात आपल्या वस्तीतलं चांगलं खाण्याचं ठिकाण कसं शोधायचं? प्रश्न विचारणं, माहिती तपासणं, निरीक्षण करणं, नकाशा काढणं, नोंद ठेवणं. परिसर अभ्यासात आपल्याला जे करून घ्यायचं असतं ते सगळं यात आहे.

पण माझी एक चूक झाली, ती आधी सांगते. पहिल्या दिवशी मी गृहपाठ दिला, "घराजवळची कबाब-तंदुरीची ठिकाणं शोधा." संध्याकाळी एका पालकांचा फोन आला. "बाई, आमच्या घरी मांसाहार चालत नाही. पोराला मटणाच्या गाड्या कशाला शोधायला लावता?" मला आधी राग आला, मग लक्षात आलं की त्यांचं बरोबर आहे. आणि त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट दिसली होती. अकरा ठिकाणं सांगताना सगळा वर्ग ओरडत होता, फक्त एक मुलगा वहीत खाली बघून बसला होता. त्याच्या वडिलांची सीख कबाबाची गाडी आहे हे मला माहीत होतं, आणि फळ्यावरचं तिसरं ठिकाण त्यांचंच होतं. मधल्या सुट्टीत विचारलं तर म्हणाला, "मागच्या वर्षी मुलं म्हणायची, तुझ्या शर्टाला धुराचा वास येतो."

म्हणजे एका घराला विषय नकोसा, आणि ज्या घराची त्यावर चूल पेटते त्या घराच्या मुलाला लाज. दुसऱ्या दिवशी विषय बदलला नाही, रुंद केला. प्रश्न झाला, "निखाऱ्यावर किंवा भट्टीत भाजलेलं आपल्याकडे काय काय मिळतं, आणि त्यातलं चांगलं कसं ओळखायचं?" मग यादीत कणीस आलं, भाजलेलं रताळं आलं, तंदुरी रोटी आली, पापड आला, भरताचं वांगं आलं. फोन करणाऱ्या पालकांच्या मुलानं स्टेशनबाहेरच्या कणीसवाल्या मावशींची जी नोंद आणली तिला तोड नव्हती. मावशी कणीस सोलताना आतला एक पाला ठेवतात, तो का, हेही त्यानं विचारून आणलं. पाला धरून खाता येतं, हात भाजत नाही.

मग गावाकडच्या गोष्टी निघाल्या. जालन्याकडच्या एका मुलीच्या आजीनं हुरड्याचं सांगितलं. गोवऱ्यांची आगटी, त्यात ज्वारीची कोवळी कणसं, हातावर चोळून दाणे काढायचे आणि लसणाची चटणी. रायगडच्या एका आईनं पोपटीचं सांगितलं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, चालत असेल तर चिकन, तोंड पाल्यानंच बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. थंडीत अलिबाग-पेणच्या शेतांत हे आजही होतं. मुलांना वाटत होतं कबाब म्हणजे 'त्यांचं' आणि हुरडा म्हणजे 'आमचं'. निखारा मात्र एकच आहे, हे मी सांगायच्या आधी एका मुलानंच सांगितलं.

शब्दांचा थोडा अभ्यास केला, तोही मुलांना आवडला. सीख म्हणजे फारसीत सळई. आपण बोलताना 'शीग' म्हणतो. शेगडीला हिंदीत सिगडी. आणि मोठ्या हॉटेलांच्या पाटीवर असतो तो 'बार्बेक्यू' शब्द थेट कॅरिबियन बेटांवरून आला. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत तो लाकडी मांडवाला म्हणत, ज्यावर मांस ठेवून खाली जाळ करायचा. स्पॅनिश लोकांनी तो उचलला, मग इंग्रजांनी. बार्बेक्यू नेशन ही साखळी २००६ पासूनची, तिथं टेबलातच शेगडी बसवलेली असते. आणि कुलाब्याला ताज हॉटेलच्या मागं बडेमियाँ हे प्रसिद्ध ठिकाण १९४६ पासून आहे. तेही आधी रस्त्यावरची लहानशी शेगडीच होतं. नागपाड्याचं सर्वी, रमजानमधला मोहम्मद अली रोड, ही नावं मुलांनी घरून आणली. पण आपला विषय नाव झालेल्या ठिकाणांचा नव्हता. तिथं कसं जायचं ते कुणीही सांगेल.

'चांगलं' म्हणजे काय?

या एका प्रश्नावर पूर्ण तासिका गेली आणि मला वाटतं उपक्रमाचा जीव इथंच आहे. मी गृहीत धरलं होतं की मुलं 'चव' म्हणतील. चव चौथ्या क्रमांकावर आली! पहिलं उत्तर होतं, "दहा रुपयांत पण देतो." दुसरं, "घरी बांधून देतो, रस्सा सांडत नाही." तिसरं एका मुलीचं, "तिथं मम्मी पण उभी राहून खाऊ शकते." वर्ग एकदम गप्प झाला, कारण बऱ्याच जणींना ते पटलं. काही गाड्यांभोवती रात्री अशी गर्दी असते की बाईमाणूस लांबूनच पार्सल सांगते. मग मुलींनी आपापल्या आयांना विचारून ठिकाणांपुढे खूण करायचं ठरवलं. अकरापैकी पाच ठिकाणांना ती खूण मिळाली. ही माहिती तुम्हाला कुठल्या ताऱ्यांत मिळणार?

एका मुलाचं उत्तर होतं, "तो वहीवर लिहून देतो." म्हणजे उधारी. महिनाअखेरीला त्याच्या घरी तेच 'चांगलं' असतं.

कुणाला विचारायचं?

मुलांना पहिल्यांदा वाटलं, खाणाऱ्याला विचारायचं. ते ठीकच, पण खाणारा आपल्या गल्लीपुरतं सांगतो. आम्ही विचार केला की या गाड्यांची आतली माहिती आणखी कुणाला असेल. एका मुलाचे मामा चिकनच्या दुकानात कामाला आहेत. तो म्हणाला, "मामाला माहीत असतं कोण ताजं नेतो आणि कोण संध्याकाळचं उरलेलं स्वस्तात नेतो." मला हे सुचलं नसतं. तसंच पाववाला. रोज जास्त पाव नेणाऱ्याकडे गिऱ्हाईक जास्त, म्हणजे माल पडून राहत नाही. रिक्षावाले रात्री उशिराची ठिकाणं सांगतात, पण त्यांची कसोटी वेगळी असते. गाडी उभी करायला जागा हवी, आणि पटकन मिळायला हवं.

आपल्या भागाला आणखी एक बाजू आहे. देवनारचा कत्तलखाना १९७१ पासून शेजारीच आहे. आधी तो वांद्र्याला होता. त्यामुळे मांसाच्या धंद्यातली जाणकार माणसं गोवंडी-मानखुर्दच्या गल्ल्यांत राहतात. कलेजी, गुर्दा, खिरी असे प्रकार इथल्या गाड्यांवर ताजे मिळतात ते म्हणूनच. गाडीवर 'छोटे का' म्हणजे बकऱ्याचं आणि 'बडे का' म्हणजे मोठ्या जनावराचं. २०१५ च्या कायद्यानं राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून बडे म्हणजे म्हैसवर्ग. हे मी वर्गात नाही घेतलं, पण नवीन आलेल्या पालकांना माहीत असावं म्हणून लिहिते. जे चालत नसेल ते आधी विचारावं. गाडीवाले सरळ सांगतात, त्यांना त्यात राग नसतो.

आणि माणसं कुठून कुठून आलेली! लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींत रुळांकडेच्या आणि रस्त्याकडेच्या वस्त्यांतून हलवलेली कुटुंबं आहेत. पुढं चिता कॅम्प, तिथं १९७६ मध्ये जनता कॉलनी उठवून लोकांना आणलं, त्यात तमिळ घरं बरीच. जुनी जागा सुटली तरी हातची चव माणूस बरोबर आणतो. नकाशावर प्रत्येक ठिकाणापुढे "हे काका कुठले?" असा एक रकाना आम्ही ठेवला. तो भरताना मुलांनी भारताचा नकाशा आपणहून उघडला.

काय बघायचं?

नियम सक्त होता. कुणीही एकट्यानं जायचं नाही, मोठ्या माणसाबरोबर जायचं, शेगडीपासून चार पावलं लांब उभं राहायचं, विकत घ्यायलाच हवं असं नाही. फक्त बघायचं. कच्चं आणि शिजलेलं वेगवेगळ्या ताटात आहे का? चिमटा आणि फडका एकच आहे का? पाणी झाकलेलं आहे का? कोळसा काळा असताना मांस ठेवतात की वर पांढरी राख आल्यावर? अर्धवट भाजून ठेवलेला ढीग आहे का, जो गिऱ्हाईक आल्यावर पुन्हा गरम होतो? चिकन आतून गुलाबी राहिलेलं असेल तर ते खायचं नाही. आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापमान पोचावं लागतं, हे पालकांनी लक्षात ठेवावं. थर्मामीटर काही कुणी नेणार नाही, पण तुकडा मोडून बघता येतो.

लाल रंगाबद्दल मुलांना विशेष उत्सुकता होती. काश्मिरी मिरचीचा लाल थोडा तपकिरीकडे झुकतो. बोटाला लागून दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो तो लाल बाटलीतला. कर्नाटक सरकारनं जून २०२४ मध्ये कबाबात कृत्रिम रंग घालायला बंदी केली, ती बातमी आम्ही वर्गात वाचली. एका मुलीनं घरी येऊन आईला सांगितलं, आईनं गाडीवाल्याला विचारलं, आणि तो म्हणे, "ताई, रंग नाही टाकला तर गिऱ्हाईकच म्हणतं मसाला कमी आहे." यावरही चर्चा झाली. चूक कुणाची?

गणितासाठी अन्न नोंदणीचा नंबर घेतला. खाद्यपदार्थ विकणाऱ्याकडे चौदा अंकी नंबर असतो. पहिला अंक १ असेल तर लायसन्स, २ असेल तर लहान धंद्याची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे १५. मुलं आता बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा तो नंबर शोधतात. गाड्यांवर तो फार थोड्या ठिकाणी लावलेला दिसला. पण जिथं नाही तिथलं वाईटच, असं मी मुलांना म्हणू दिलं नाही. नोंद करायची, निकाल द्यायचा नाही.

वर्गात आलेले पाहुणे

तिसऱ्या आठवड्यात त्या गप्प मुलाच्या वडिलांना मी शाळेत बोलावलं. ते म्हणाले, "मॅडम, मैं क्या सिखाऊंगा? मी सातवीपर्यंत." मी म्हटलं, "भाई, तुम्हाला जे येतं ते मला येत नाही." ते आले, इस्त्रीचा शर्ट घालून, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा सळया आणि पुठ्ठ्याचा पंखा घेऊन.

आणि काय शिकवलं त्यांनी! कांदा चिरून त्याचं पाणी पिळून काढलं नाही तर खिमा सळईवरून गळून निखाऱ्यात पडतो. हात ओला करून खिमा दाबायचा. बोटीच्या तुकड्यांना कच्ची पपई लावली की मऊ होतात, पण जास्त लावली तर "आटा हो जाता है." पंखा जोरात मारला तर राख उडून कबाबावर बसते, हळू मारला तर निखारा झोपतो. मग मी विज्ञान जोडलं. पंख्यानं हवा जाते, हवेतला ऑक्सिजन मिळाला की निखारा फुलतो. लोखंडाची सळई तापते आणि खिमा आतूनही शिजवते. गरम चहातला चमचा हातात धरून मुलांनी ते लगेच पडताळून बघितलं.

मुलांनी प्रश्न विचारले. "हात भाजतो का?" त्यांनी हात पुढं केला, बोटांवर जुने डाग होते. "तुम्ही घरी काय खाता?" ते हसले, "डाळ-भात." त्यांचा मुलगा तोपर्यंत वाकून वहीत बघत नव्हता. सळया कोणी धरायच्या यावर त्याची मक्तेदारी होती.

मग पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. ती दम्याची औषधं घेते, दप्तरात पंप असतो. ती म्हणाली, "काका, तुमचा धूर आमच्या खिडकीत येतो." तिचं घर पहिल्या मजल्यावर, गाडीच्या अगदी वर. तिनं नकाशावर त्या जागी पेन्सिलीनं काळं गरगट काढलं होतं, ते मला तेव्हा कळलं. त्यांना काय बोलावं सुचेना. मलाही सुचेना.

इथं खरी माहिती देणं भाग होतं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. पाठोपाठ महापालिकेनं हॉटेलं, ढाबे, तंदूरवाले यांनाही नोटिसा काढल्या. मुदत होती ८ जुलै २०२५. आपल्याकडे एका बाजूला डम्पिंग ग्राउंड, दुसऱ्या बाजूला लिंक रोडची वाहतूक. आपल्या मुलांच्या छातीत आधीच बरंच काही जातं. चरबी निखाऱ्यावर पडून जो धूर होतो तोही निरुपद्रवी नाही. हे मी त्या वडिलांसमोरच सांगितलं, कारण लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांना ते माहीत होतं. ते म्हणाले, चिकनसाठी गॅसची शेगडी आणली आहे, तिचे हप्ते चालू आहेत. पण सीख गॅसवर केली की जुनं गिऱ्हाईक एक घास खाऊन विचारतं, आज काय झालं?

"गाडी थोडी पुढं नेली तर?" असं एका मुलानं विचारलं. पुढं दुसऱ्याची जागा आहे. "पंखा उलट्या बाजूनं मारला तर?" मग समोरच्या खिडकीत. मुलांनी असे सात उपाय सुचवले, प्रत्येक उपाय त्यांनी मन लावून ऐकला आणि का जमणार नाही किंवा जमेल ते सांगितलं. एक जमण्यासारखा निघाला. शेगडी पेटवताना सगळ्यांत जास्त धूर होतो, तेवढं काम रस्त्याच्या पलीकडे मोकळ्या जागेत करून मग निखारे आणायचे. दोन दिवसांनी मुलगी म्हणाली, "संध्याकाळी कमी येतो, रात्री येतोच."

शिक्षकांसाठी दोन सूचना. हा उपक्रम केलात तर विषय पहिल्याच दिवशी रुंद ठेवा, म्हणजे माझ्यासारखा फोन येणार नाही. आणि वर्गातल्या कुणाच्या घरचा हा धंदा आहे का ते आधी शांतपणे बघून घ्या.

भाऊ परत आला तेव्हा त्याला मी मोबाइल नाही दिला, मुलांच्या नकाशाचा फोटो दिला. तो खूण असलेल्या पाच ठिकाणांपैकी दोन फिरून आला. एक पसंत पडलं, दुसऱ्याबद्दल म्हणाला, "चव आहे, पण लिंबाला कंजुषी करतो." मुलांना सांगितल्यावर त्यांनी तेही लिहून घेतलं.

नकाशा आम्ही मुद्दाम पेन्सिलीनं काढला आहे. पावसात दोन गाड्या लागत नाहीत, एकानं जागा बदलली, कणीसवाल्या मावशी उन्हाळ्यात गावी जातात. जूनमध्ये नवीन चौथी आली की हाच नकाशा त्यांच्या हातात देणार आहे. कुठली शेगडी हलली, कुठली गॅसवर गेली, आणि त्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत आता काय आहे, हे त्यांनी बघून यायचं.